स्वयंपाकघर फोडलंय आणि आम्ही घरातच राहतोय: अनुभव आणि सल्ले हवेत

उंबरठा

नमस्कार मंडळी. परवा सकाळी घणाचा पहिला घाव बसला आणि संध्याकाळपर्यंत आमचा २८ वर्षांचा ओटा पोत्यांत भरून खाली गेला. दुसरीकडे राहायला जायची सोय नाही. आई ७४ वर्षांची, मुलीची परीक्षा तोंडावर. त्यामुळे आम्ही चौघं घरातच आहोत. कंत्राटदार ५ आठवडे म्हणतोय, मी मनात ७ धरलेत.

हौस म्हणून काढलेलं काम नाही हे. सिंकखालचा पाइप भिंतीच्या आत झिरपत होता, कपाटांचे तळ कुजले होते आणि खालच्या घराच्या छताला ओल आली होती. खालच्या काकूंनी वर येऊन कधी भांडण केलं नाही, फक्त एकदा मला नेऊन ती ओल दाखवली. त्या दिवशीच ठरवलं की आता थांबायचं नाही.

तयारी म्हणून जे केलं ते सांगते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मुलीचं जुनं अभ्यासाचं टेबल लावलं. त्यावर इंडक्शन शेगडी, बाजूला नळाचा पाण्याचा पिंप, खाली एक उघडी मांडणी. माणशी एक ताट, दोन वाट्या, एक पेला. शिजवायला तीन पातेली, एक कुकर, एक तवा. बाकी सगळं अकरा खोक्यांत. खोक्यात काय आहे ते झाकणावर न लिहिता बाजूवर लिहिलं, कारण खोकी एकावर एक रचली की झाकण दिसतच नाही. हे एक मला आधी सुचलं याचं समाधान आहे.

न सुचलेलं बरंच आहे. धूळ! बंद कपाटातल्या घडीच्या कपड्यांवर, दात घासायच्या ब्रशवर, कुंडीतल्या पानांवर, सगळीकडे पिठासारखा थर. दाराला प्लास्टिकचा कागद लावलाय तरी. आणि भांडी न्हाणीघरात घासतोय, तिथे आईला खाली बसवत नाही आणि मला बसून उठवत नाही. ज्यांनी हे काढलंय त्यांनी सांगा, कसं निभावलंत?

माजघर

आमचं काम ५२ दिवस चाललं होतं, म्हणून कळकळीनं लिहितेय. भांडी खाली बसून घासू नका. न्हाणीघरात एक भक्कम स्टूल ठेवा, त्यावर टब, आणि उभ्यानं घासा. आधी प्रत्येक ताट-पातेलं जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घ्या, तेलकटपणा कागदात जाऊ दे. न्हाणीघराची मोरी साबणाच्या पाण्यासाठी असते, तिला तेल आणि खरकट्याची सवय नसते. आम्ही हे केलं नाही आणि विसाव्या दिवशी मोरी तुंबली. स्वयंपाकघर फोडलेलं आणि न्हाणीघरात घोट्याएवढं पाणी, तो दिवस मी विसरणार नाही. मोरीच्या जाळीवर एक बारीक गाळणी उलटी ठेवा, तेवढ्यानंही फरक पडतो.

गवंड्याचा मुलगा

वडील गवंडी होते, मी पंधरा वर्षं फरशी आणि टाइलच्या कामात आहे. धुळीबद्दल मन लावून लिहितो, कारण हा त्रास फक्त झाडझुडीचा नाही.

नुसता कागद लावून धूळ थांबत नाही. हवा जिकडे जाते तिकडे धूळ जाते. घराच्या इतर खिडक्यांतून वारा येऊन स्वयंपाकघरात शिरला पाहिजे आणि तिथल्या खिडकीतून बाहेर पडला पाहिजे. सध्या तुमच्याकडे उलटं होत असणार. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक पंखा बाहेरच्या दिशेनं तोंड करून घट्ट बसवा, पंख्याभोवतीची मोकळी जागा पुठ्ठ्यानं बंद करा आणि काम चालू असेपर्यंत तो चालू ठेवा. मग दाराच्या फटीतून हवा आत ओढली जाते, बाहेर येत नाही. कागद दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावा आणि खाली ओलं फडकं गुंडाळून ठेवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कोरडा झाडू बसलेली धूळ पुन्हा उडवतो आणि ती तासन् तास हवेत राहते.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ओट्याचा दगड आणि टाइल्स घरात कोरड्या कापू देऊ नका. त्या धुळीत सिलिका असते, आणि तिचा सर्वांत बारीक भाग डोळ्यांना दिसतही नाही. तो फुप्फुसात खोल जाऊन बसतो. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाच, असतंच, पण कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या लाद्यांमध्ये सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकतं. त्या कापणाऱ्या तरुण कामगारांची फुप्फुसं निकामी व्हायला लागली म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असल्या लाद्यांवर बंदी घातली. तुमच्या घरी ही धूळ चार दिवस असेल, कापणाऱ्याच्या नाकात ती रोज जाते. त्याला सांगा, पात्यावर पाणी सोडून काप, नाहीतर इमारतीबाहेर मोकळ्यावर पाणी मारून काप. आणि चांगला एन-९५ मास्क तुम्ही आणून त्याच्या हातात द्या. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर रुमालच बांधला.

उंबरठा

वाचून एकदम गप्प झाले. आजच दगड कापणाऱ्याशी बोलते. मास्क आणले आहेत, सहा. पंखाही बसवला. खरं आहे का पाहायला दाराच्या फटीशी शिवणाचा दोरा धरला, तर तो सरळ आतल्या बाजूला ओढला गेला. काल रात्री टेबल पुसलं होतं, आज संध्याकाळी बोट फिरवलं तर जवळजवळ स्वच्छ. मनापासून धन्यवाद.

माजघर, स्टूलची युक्ती आजपासून सुरू. आई म्हणाली, हे पहिल्या दिवशी का नाही केलं.

शांतपाऊल

मला वेगळं वाटतं. घरात वयस्क माणूस असताना फोडाफोडीत राहूच नये. मास्क आणि पंखे लावून राहण्यापेक्षा नातेवाइकांकडे जावं.

माजघर

ज्यांना जमेल त्यांनी जावं, पण सगळ्यांना कुठे जमतं? शिवाय दीड महिना कोणाकडे राहणार? मधला मार्ग असा की सगळ्यात वाईट दिवस मोजकेच असतात: फोडायचे दोन, भिंतीत पाइप-वायरसाठी खाचा मारायचा एक, दगड आणि टाइल कापायचे दोन-तीन. तेवढे दिवस आईंना आणि मुलीला दिवसभर बाहेर पाठवा, रात्री झोपायला घरी. कंत्राटदाराकडून हे दिवस आधी विचारून घ्या. घरात कोणाला दमा असेल तर मात्र शांतपाऊल म्हणतात तेच बरोबर.

तारतम्य

दोन गोष्टी, दोन्ही विजेशी संबंधित.

इंडक्शन २००० वॅटचं असेल तर २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेतं. ते एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, त्यातही त्याच बोर्डावर फ्रीज आणि विजेचा कुकर तर नाहीच. भिंतीतल्या मोठ्या पिनच्या सॉकेटमध्ये थेट लावा. अर्धा तास चालल्यावर प्लगला हात लावून बघा, चटका बसण्याइतका गरम असेल तर ती जागा बदला.

दुसरं, हे उद्याच करा. भिंतीत नवे पाइप आणि वायरींच्या नळ्या टाकून झाल्या की गिलावा व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. नुसता नाही, मोजपट्टी जमिनीपासून वर आणि कोपऱ्यापासून आडवी धरून, आकडे वाचता येतील असा. एकदा गिलावा झाला की भिंत मुकी होते. चार वर्षांनी कोणीतरी खिळा ठोकायला ड्रिल घेऊन येईल तेव्हा हा फोटोच सांगेल की तिथे पाण्याचा पाइप आहे.

हो, गॅसची जोडणी माहीतगार माणसाकडूनच सोडवली ना? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, आणि पाइपनं येणारा नैसर्गिक वायू हलका असल्यामुळे वर जातो.  पुन्हा जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते तुमच्या डोळ्यांनी बघा.

उंबरठा

फोटो काढले. सत्तावीस. मुलीनं मोजपट्टी धरली, अभ्यासातून उठून तेवढाच विरंगुळा.

आज दिवस १२. जमिनीला वॉटरप्रूफिंग झालं आणि पाणी भरून ठेवलंय. कंत्राटदार म्हणाला रात्रभर पुरे, मी ४८ तासांवर अडून बसले. सगळं हे काम ज्या गळतीसाठी काढलं तिचीच खात्री नको का करायला? भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलनं रेघ मारली. शेजारी एका उथळ पातेल्यात तेवढंच पाणी ठेवलं आणि त्यातही रेघ मारली, म्हणजे उन्हा-वाऱ्यानं किती आटलं ते कळेल आणि गळून किती गेलं ते वेगळं कळेल. रोज सकाळ-संध्याकाळ खाली काकूंकडे जाऊन छताला हात लावून येते.

एक विचारायचं होतं. चार दिवसांपासून घरात गटारासारखा वास येतोय. पाणी कुठेही साचलेलं नाही.

गवंड्याचा मुलगा

सिंकचा जुना ड्रेनेज पाइप उघडा आहे का? सिंकखाली जो वाकडा भाग असतो त्यात पाणी उभं राहतं आणि तेच पाणी गटारातली हवा अडवतं. तो काढला की वाट मोकळी. उघड्या तोंडावर घट्ट झाकण लावून घ्या, ते मिळेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत फडकं गुंडाळून बोळा बसवा. त्यानं राडारोडाही पाइपात जाणार नाही. सिमेंटचा एक गोळा आत जाऊन घट्ट झाला तर नवीन ओटा पुन्हा फोडायची वेळ येते. वापरात नसलेली दुसरी एखादी मोरी असेल तर तिच्यातही तांब्याभर पाणी ओतत राहा.

४८ तासांवर अडून बसलात ते फार योग्य केलंत. गिलाव्यावर आणि कोब्यावर निदान ७ दिवस पाणी मारून घ्या. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं, आणि पूर्ण ताकदीच्या जवळ यायला २८ दिवस घेतं.

उंबरठा

बोळा बसवला, वास गेला. दोन्ही रेघा सारख्याच खाली आल्या. काकूंचं छत कोरडं! खूप दिवसांनी शांत झोप लागेल.

सुतारपक्षी

कपाटांची मापं दिलीत का? दिली असतील तर परत घ्या. टाइल आणि फरशी पूर्ण झाल्याशिवाय कपाटाचं माप घेऊच नये. गिलावा आणि टाइल मिळून प्रत्येक भिंत दोन-तीन सेंटिमीटर आत येते. कोपरा काटकोनात आहे का तेही बघा: एका भिंतीवर कोपऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ८० वर, दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १०० आलं पाहिजे. ९८ आलं तर कोपरा आवळलेला आहे, आणि चौकोनी कपाट तिथे कधीच नीट बसणार नाही.

सिंकखालच्या कपाटाला उकळत्या पाण्यात टिकणारा प्लाय घ्या, आणि त्याच्या कापलेल्या कडा बंद करून घ्या, भोकं पाडली असतील तीसुद्धा. प्लाय कुजतो तो कडेपासून. दाबून केलेल्या लाकूडचुऱ्याच्या फळ्या असतील तर त्यांच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड निघतं. नव्या कपाटाचा डोळ्यांना झोंबणारा वास तो हाच. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्यांत, टाकलं. कमी उत्सर्जनाचा शिक्का असलेल्या फळ्या मागा, आणि कपाटं बसल्यावर दारं-ड्रॉवर उघडे टाकून काही दिवस हवा लागू द्या. लगेच धान्य भरायची घाई करू नका.

उंबरठा

मापं परत घेतली, वेळेवर बोललात.

आज दिवस १७ आणि मला एक मोठी गोष्ट सांगायची आहे. म्हणजे माझ्यासाठी मोठी.

आईचा उजवा खांदा गेली कित्येक वर्षं दुखतो. औषधं झाली, शेक झाला, व्यायाम झाले. वयाचं आहे म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं होतं, तिनंही. काल रात्री ती पातेल्यात ढवळत उभी होती आणि सहज बोलून गेली, "या टेबलाशी माझा खांदा नाही गं भरून येत." मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत राहिले. ढवळताना तिचं कोपर अंगाशी होतं. मी तिला आयुष्यभर ओट्याशी बघितलंय ते खांदा वर उचलून, कोपर बाहेर काढून, जणू उंच फळीवरचं काही काढतेय तशी. मला तीच तिची उभं राहायची पद्धत वाटायची.

मोजपट्टी आणली. आईची उंची १४८. जमिनीपासून कोपर ९२ सेंटिमीटर. जुना ओटा ८८ होता, भिंतीवर त्याची खूण अजून आहे. त्यावर शेगडी १० ची, त्यावर १५ चं पातेलं. म्हणजे पातेल्याचा काठ ११३ वर, कोपरापेक्षा २१ सेंटिमीटर वर. आणि हे टेबल ७४, इंडक्शन ७, पातेलं तेच. काठ ९६ वर.

२८ वर्षं. दिवसातून दोनदा. घरातल्या प्रत्येकाच्या कपड्यांचं माप आम्ही घेतलं, पडद्यांचं घेतलं, फ्रीजचं घेतलं. जी बाई तिथे रोज उभी राहते तिचं माप कोणी घेतलं नाही, मीसुद्धा नाही. नव्या ओट्याच्या आराखड्यातही ८८ च लिहिलंय आणि मी त्यावर सही केली आहे.

ओट्याखालच्या आधाराच्या भिंती बांधून झाल्यात, दगड अजून कापलेला नाही. कंत्राटदार म्हणतो सगळीकडे हीच उंची असते. मी १६० ची आहे, मला ८८ बरोबर पडतं. काय करावं?

माजघर

डोळ्यांत पाणी आलं ताई. थांबवा काम, आत्ताच.

गवंड्याचा मुलगा

दगड कापलेला नाही ना, मग काहीही बिघडलेलं नाही. आधाराच्या भिंती १० सेंटिमीटर उतरवणं दोन दिवसांचं काम आहे. संपूर्ण ओटा उतरवू नका, दोन पातळ्या करा. सिंकचा तळ ओट्यापेक्षा २० सेंटिमीटरच्या आसपास खाली असतो, म्हणून सिंकशी ओटा उंचच हवा, नाहीतर घासताना कंबर वाकते. शेगडीशी उलट, भांड्याची उंची वर चढते, म्हणून तिथे ओटा खाली हवा. चिरण्या-मळण्याची जागा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली. आईंसाठी ७८ च्या आसपास येतंय, तुमच्यासाठी ८८. सिंकची बाजू ८८ ठेवा, शेगडीची ७८.

खिडकी

या विषयावर थोडं वाचन आहे म्हणून लिहिते. आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो त्याची पणजी म्हणजे १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी केलेलं स्वयंपाकघर. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर, आणि अशी सुमारे १०,००० बांधली गेली. रेल्वेच्या डब्यातल्या स्वयंपाकघरावरून त्यांनी कल्पना घेतली, बाईची पावलं मोजून वस्तूंच्या जागा ठरवल्या. खिडकीखाली बसून काम करायची जागा आणि फिरतं स्टूलही त्यात होतं. हजारो घरांसाठी एकाच मापाची कपाटं करायची तर उंचीही एकच धरावी लागते. पुढे कारखान्यांनी तेच उचललं. पण तुमच्या घरी गवंडी एका घरासाठी विटा रचतोय. त्याला ठरावीक उंचीचं बंधन कशासाठी? आणि ताई, आईंना बसून करायच्या कामांसाठीही एक जागा ठेवा.

तारतम्य

ओटा १० नं खाली जाणार असेल तर चिमणी कुठे येते ते आजच बघा. शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर लागतं. चिमणी तितकीच वर राहिली तर धूर ओढणार नाही आणि खाली आणली तर उंच माणसाच्या कपाळाला लागेल. भिंतीतलं धुराड्याचं भोक पाडून झालंय का?

उंबरठा

भोक पाडून झालं होतं. दीड दिवस त्यातच गेला. शेवटी तिरक्या काचेची चिमणी घेतली, तिचा पुढचा काठ कपाळापासून मागे राहतो, आणि भोक होतं तिथेच ठेवून नळी एका वळणानं खाली आणली. जास्त वळणं दिली की ओढ कमी होते म्हणून एकावरच थांबवलं.

कंत्राटदाराशी थोडी बोलाचाली झाली, ती इथे लिहीत नाही. गवंडीकाकांना मात्र सांगावं लागलं नाही. त्यांनी आईला विटांशी उभं केलं, हातात रिकामं पातेलं दिलं आणि ढवळून दाखवा म्हणाले. एक विटेचा थर काढला, पुन्हा उभं केलं. मग अजून थोडं. आई शेवटी म्हणाली "हं, इथे." मोजलं तर ७९ भरलं.

उंबरठा

दिवस ४६. शेगडी परवा सुरू झाली. कपाटं बसून आठवडा झाला, दारं उघडी टाकली आहेत आणि वास बराच उतरलाय. ड्रॉवर तीनाऐवजी दोनच बसले शेगडीखाली, ते चालेल. दोन पातळ्यांच्या सांध्याशी दगडाची उभी पट्टी लावून घेतली, पाणी वरच्यावरून खाली ओघळत नाही.

पैसे पूर्ण देण्याआधी प्रत्येक टाइलवर नाणं वाजवलं. भरीव टाइलचा आवाज टणक येतो, पोकळ असली की ढबढब. चार पोकळ निघाल्या, त्यातल्या दोन नेमक्या सिंकमागे. त्या काढून परत लावून घेतल्या. सिंकखाली कोरडा कागद अंथरलाय, रोज बघते. अजून कोरडाच आहे.

आई जुन्या जागी बटण शोधत भिंतीवर हात फिरवते, दिवा लागत नाही म्हणून मला हाक मारते. खांद्याचं विचारलं तर म्हणाली, आठवण नाही राहिली त्याची दोन दिवस.

अकरा खोक्यांतली चार अजून उघडलेली नाहीत.

नवीन पान

संपूर्ण धागा एका बैठकीत वाचला. आमचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय, आराखडा उद्या पक्का करायचा आहे. एवढं सगळं आहे की कुठून सुरुवात करावी कळत नाहीये. सगळ्यात आधी काय करू?

उंबरठा

आज रात्री स्वयंपाक करताना तुमच्याकडे जे कोणी ओट्याशी उभं असेल त्यांच्या कोपराची उंची जमिनीपासून मोजा. घरात चपला घालून उभं राहायची सवय असेल तर चपलांसकट. मग शेगडीवरच्या पातेल्याच्या काठाची उंची मोजा. दोन्ही आकडे इथे लिहा, उद्या आराखड्यावर सही करायच्या आधी.